सुट्टीच्या वाराचं इंजेक्शन

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कस्तुराने कठड्याला हात लावला नाही, कारण सगळे बघत होते.

मारुंजीच्या त्या इमारतीला लिफ्ट होती. म्हणजे लिफ्टची जागा होती, चकचकीत दारं होती, दारांवर प्लॅस्टिकचं आवरणही होतं. फक्त ती चालवायची परवानगी यायची होती. पुढच्या महिन्यात येईल, असं बिल्डर विक्कीला दर महिन्याला न चुकता सांगत होता. तेव्हा धाकट्या मुलाच्या नव्या फ्लॅटमधल्या पहिल्या बुद्धवंदनेला यायचं तर जिन्यानेच यावं लागणार होतं, आणि नेहरूनगरच्या घरात आठवडाभर एकच विषय होता: आई चढेल का?

आई चढली. पुढे तिचा नवरा साहेबराव, मागे थोरला कुलदीप, ट्रक मागे घेताना क्लीनर धरतो तसे दोन्ही हात पुढे धरून. त्याच्यामागे त्याची बायको जयमाला, पुऱ्यांचा डबा घेऊन. दुसऱ्या मजल्यावर साहेबरावांनी समोरच्या फ्लॅटच्या अनोळखी माणसाला थांबवून सगळं समजावून सांगितलं. वजन म्हणजे लोड. लोड उतरवला की बेअरिंगचा आवाज बंद होतो. हिचं तेच झालंय. साहेबराव निवृत्त झाले तरी जगाकडे ते अजून भोसरीच्या प्रेसशॉपमधूनच बघत, आणि बायकोच्या गुडघ्यांकडे तर जास्तच.

दारातच कुसुमताई बसली होती. साहेबरावांची ही थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलून घेतल्यापासून घराण्यात गुडघ्यांवर बोलायचा अधिकार तिच्याकडे होता. तिने कस्तुराला वरून खालपर्यंत पाहिलं.

"कस्तुरे, पोरीसारखी चढलीस गं," ती म्हणाली. आपलं काहीतरी चोरीला गेलंय आणि चोर समोरच उभा आहे, अशा सुरात.

कस्तुरा हसली. तोंड उघडून बोलण्याची तिला भीती वाटत होती. सकाळपासून तोंडात पाणी सुटत होतं, गिळलं की पुन्हा सुटत होतं. काल दुपारी खाल्लेली अर्धी भाकरी अजून पोटात होती तशीच होती, जणू तिला खाली जायची परवानगी यायची होती. त्या भाकरीवर सकाळी फक्त कोरा चहा गेला होता, साखरेची रोजची गोळी गेली होती, आणि खास या जिन्यासाठी गुडघेदुखीची एक गोळी गेली होती. दोन्ही पाय थरथरत होते. पण दुखत नव्हते. हे महत्त्वाचं होतं.

ती आत गेली आणि सगळ्यांच्या देखत सतरंजीवर खाली मांडी घालून बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा. जयमालाने विक्कीच्या बायकोकडे, नेहाकडे पाहिलं, नेहाने जयमालाकडे. दोघी जावांच्या त्या नजरेत काय होतं ते कस्तुराला चांगलं ठाऊक होतं.

गुडघे गेले तेव्हा ती कुणाला नको होती. तसं कुणी बोललं नाही. बोलणारं घर नव्हतं ते. फक्त मागच्या खिडकीपाशी एक खुर्ची आली, मग ताट खुर्चीपाशी येऊ लागलं, मग बोलणं खुर्चीच्या वरून जाऊ लागलं. कुणाचं लग्न जमलं, कुणाची नोकरी गेली, हे तिला दोन दिवसांनी कळायचं, तेही दुसऱ्याच कुणाला सांगताना. मग हाडांचा डॉक्टर म्हणाला की दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील, पण आधी वजन आणि साखर खाली आणा. साखरेच्या डॉक्टरने आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. आठ महिन्यांत साखर उतरली, वजन उतरलं, आणि एका सकाळी कस्तुरा उठून स्वतःच्या पायांनी विहारात जाऊन आली. हाडांचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशनचं सध्या थांबू, बघू.

सासू चालू लागल्यावर तिला मागणी आली. नेहाला पाचवा महिना होता. बाळंतपणाला आई इकडे येतील ना, असं ती प्रत्येक फोनवर विचारायची. जयमाला भोसरीत एका पॅकिंग युनिटमध्ये जायची. आईंनी सकाळचा कुकर लावला तरच तिची बस मिळायची. दोघी एकमेकींशी फार गोड बोलू लागल्या होत्या. कस्तुराला हे सगळं दिसत होतं आणि आवडतही होतं. माणसाला कामापुरतं विचारतात, याचं तिला वाईट वाटत नव्हतं. विचारत नाहीत म्हणजे काय असतं, ते तिने खुर्चीत बसून पाहिलं होतं.

आणि हे सगळं एका सुईवर उभं होतं. इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं, असं कुसुमताईने मोबाईलवरच्या कुठल्याशा बाईचं ऐकून तिला तीन वेळा सांगितलं होतं. तेव्हापासून कस्तुराला झोपेत खुर्ची दिसायची. रिकामी, खिडकीपाशी ठेवलेली, पुसून स्वच्छ केलेली.

आता जे झालं होतं ते असं.

इंजेक्शनचा वार गुरुवार होता, कारण कुलदीपची सुट्टी गुरुवारी असायची. कारखान्यांच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कुलदीप चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर, त्यामुळे सुई टोचणं त्याने लाइनवरच्या कामासारखं बसवलं होतं: हात धुवायचे, फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन काढायचं, आकडा फिरवायचा, आईने पदर बाजूला करायचा, टोचायचं, मनात मोजायचं, सुई डब्यात टाकायची. डोस महिन्यापूर्वीच वाढवला होता. पण या आठवड्यात कंपनीला माल तातडीने पाठवायचा होता, म्हणून गुरुवारी काम लावलं आणि सुट्टी शनिवारी दिली. गुरुवारी संध्याकाळी जयमालाने विचार केला की हे कामावर आहेत, पण वार चुकवून कसं चालेल? तिने इंजेक्शन दिलं. शनिवारी जयमाला वंदनेच्या तयारीला मारुंजीत आली होती, कुलदीप घरी होता, आणि सुट्टी म्हणजे इंजेक्शन. त्यानेही दिलं. नवराबायकोची भेट त्या आठवड्यात दारातच होत होती, एक येताना आणि एक जाताना.

कस्तुराने दोन्ही वेळा पदर बाजूला केला होता.

शनिवारी कुलदीप हात धूत असताना ती बोलणार होती. शब्द ओठांवर आला होता. मग तिच्या मनात आलं की एका सुईने एवढं केलं, तर दोन सुया उरलेलं काम उरकून टाकतील. हाडांचा डॉक्टर पुढच्या महिन्यात बघेल तेव्हा बघण्यासारखं काही राहणारच नाही. ज्या घरात चाळीस वर्षं चूल ओव्हरटाइमवर पेटली, तिथे औषधालाही ओव्हरटाइम लावावा असं वाटलं तर नवल नव्हतं. पेनचा टक टक आवाज झाला आणि ती गप्प राहिली.

बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या लावायला सांगितल्या. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पांढऱ्या साडीच्या पाठीवर घामाची ओली रेघ खाली उतरतेय हे कस्तुराला कळत होतं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं चौथं शील आलं तेव्हा तिचा आवाज जरा खाली गेला. काही न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. पाचवं शील मग तिने मोठ्याने म्हटलं. दारूला ती कधी शिवली नव्हती.

ताटं आली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण, गव्हाची खीर. वासाबरोबर पोटातली भाकरी वर सरकली. कस्तुराने पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, पुन्हा ताटात ठेवला, मग दुसरा मोडला. लांबून पाहणाऱ्याला जेवण चालू आहे असं वाटावं, एवढी तिची हातचलाखी बरी होती. पण कुसुमताई लांब नव्हती.

"ही जेवत न्हाई," कुसुमताईने जाहीर केलं. "नुसती पुरीची मोडतोड चाललीय."

साहेबराव म्हणाले की भूक कमी होणं हाच या औषधाचा गुण आहे, कमी डिझेलमध्ये जास्त ॲव्हरेज. विक्की म्हणाला, आई, दोन घास तरी. नेहा म्हणाली की आईंना दमल्यासारखं वाटत असेल, आतल्या खोलीत पलंग तयार केलाय. जयमाला म्हणाली, पलंग कशाला, आम्ही आता निघूच. कस्तुराला हे सगळं ऐकू येत होतं, पण पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसं. हात समोर दिसत होता. तो तिचा वाटत नव्हता.

"मला जरा..." ती म्हणाली, आणि ताटावर कलंडली.

पुढची काही मिनिटं तिला तुकड्यातुकड्याने आठवली. कुणीतरी तिला टेकवून बसवलं. घामाने ब्लाउज भिजला होता आणि थंडी वाजत होती. कुसुमताई खिरीची वाटी तोंडाशी आणत होती आणि साहेबराव ती वाटी मागे ओढत होते. शुगरच्या पेशंटला खीर? आठ वर्षांत या बाईच्या तोंडाला गूळ लागू दिलेला नाही. कुसुमताई म्हणत होती की पेशंट राहिली तर शुगर राहील. वाटी अर्धी सतरंजीवर सांडली. तेवढ्यात नेहा आतून साखर मोजायचं मशीन घेऊन आली. हे मशीन नेहाने मुद्दाम आईंसाठी आणून ठेवलं होतं, म्हणजे आई इथे राहणार हे ती धरूनच चालली होती, ही गोष्ट एवढ्या गडबडीतही जयमालाच्या नजरेतून सुटली नाही.

आकडा पन्नाशीतला आला. साहेबरावांनी तो दोनदा वाचला. आठ वर्षं त्यांनी आकडा वर जाण्याची भीती बाळगली होती. तो खाली जाऊन माणूस नेऊ शकतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोला साखरेचं पाणी पाजलं. त्यातलं निम्मं परत आलं.

खाली नेताना मुलांनी तिला खुर्चीत बसवलं. प्लॅस्टिकची, हात असलेली, मंडपवाल्याकडची. पुढचे पाय कुलदीपने धरले, पाठ विक्कीने. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती आणि दारं उघडून माणसं बघत होती. कस्तुराने डोळे मिटून घेतले. मरायची भीती तिला वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की आता जगले तर अशीच.

वाकडच्या बाजूच्या हॉस्पिटलात पडद्याआडच्या खाटेवर तिला सलाइन लावलं. डॉक्टर तरुण पोरगी होती, केस घट्ट बांधलेली. तिने घाईने चार प्रश्न विचारले आणि पाचवा हळू विचारला: आठवड्याचं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं?

"काल," कुलदीप म्हणाला.

"गुरुवारी," जयमाला म्हणाली, त्याच वेळी.

डॉक्टरने दोघांकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं, दुखण्याच्या गोळ्या कोणत्या, किती, हे विचारलं, आणि रक्त घेऊन रिपोर्ट येईपर्यंत बाहेर थांबा म्हणाली. बाहेर म्हणजे पडद्याच्या बाहेर. पडदा कापडाचा होता.

कस्तुरा पडून ऐकत होती.

पहिल्यांदा कुलदीप जयमालावर घसरला: न विचारता दिलंच कसं. जयमाला म्हणाली की विचारायला माणूस घरात असावा लागतो. साहेबरावांनी दोघांना गप्प केलं आणि मामला कंपनीच्या पद्धतीने हाताशी घेतला. दोन ऑपरेटर, एक मशीन, शिफ्ट बदलताना हँडओव्हर नाही. पण ठीक आहे, ते म्हणाले, ऑपरेटर चुकले. मशीन तर बोलतं ना. ती का बोलली नाही?



"आईच्या लक्षात राहिलं नसेल," कुलदीप म्हणाला.

जयमाला लगेच म्हणाली की तेच असणार. त्या दिवसात नवराबायकोचं पहिल्यांदा एकमत झालं. विक्की म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचं असंच सुरू झालं, आधी औषधं, मग माणसांची नावं. कुसुमताईला आठवलं की मागच्या पंधरवड्यात कस्तुराने तिला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. जयमालाला दूध उतू गेल्याचं आठवलं. साहेबरावांना चष्मा आठवला, जो फ्रिजमध्ये सापडला होता. तो त्यांनीच ठेवला होता, पण हे त्यांना आठवलं नाही. बघता बघता पडद्यापलीकडे एक विसरभोळी म्हातारी तयार झाली. तिला एकटी ठेवायची नाही, असं ठरलं. गॅसला हात लावू द्यायचा नाही. किल्ल्या काढून घ्यायच्या. नेहा अजून काही बोलली नव्हती. पडद्याच्या फटीतून कस्तुराला तिचा फक्त हात दिसत होता. तो पोटावर होता. बाळ कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या नाही, याचा विचार करणारा हात कस्तुराला ओळखू येत होता. ती दोनदा आई झाली होती.

 

पडद्यापलीकडची माणसं वाईट नव्हती, हेच त्यातलं भयंकर होतं. ती तिला वाचवत होती. गप्प राहिली तर कुणी रागावणार नाही, कुणी काही विचारणार नाही, आयुष्यभर सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतील. गुडघ्यांनी बसवलेल्या खुर्चीतून ती एकदा उठली होती. ही खुर्ची डोक्याची होती, आणि हिच्यातून उठवणारं इंजेक्शन अजून निघालेलं नव्हतं. आणि बोलली तर? तर इंजेक्शन बंद. मुलाच्या आणि सुनेच्या डोळ्यांसमोर ती हावरट, लबाड बाई. गुडघेदुखी परत येणार, उठता-बसतानाचे ठणके परत येणार, कुसुमताई येऊन ऑपरेशनवाल्या डॉक्टरचा नंबर देणार.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आली, तिच्यामागून सगळे आत आले. किडनीवर ताण आलाय, ती म्हणाली. पोटात पाणी नाही आणि वर दुखण्याची गोळी. वेळेत आणलंत, भरून निघेल बहुतेक, पण दोन दिवस इथे राहावं लागेल. मग तिने विचारलं की यांची औषधं घरात कोण सांभाळतं, कारण हे दुसऱ्यांदा होऊन चालणार नाही. कुलदीप हळू आवाजात, आईकडे न बघता, सांगू लागला की आईचं जरा विसरायला...

"मला आठवत होतं," कस्तुरा म्हणाली.

कुलदीप थांबला.

"गुरुवारी जयमालाने दिलं ते आठवत होतं. काल तू हात धूत होतास तेव्हापण आठवत होतं. मी काय विसरले न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दिलं नसतंस."

जयमाला सासूकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली सुटका होती; तिची चूक आता निम्मीच तिची राहिली होती. विक्की म्हणाला, अगं पण आई, जीव गेला असता. कस्तुरा म्हणाली की ते तिला आता कळलं. काल तिला गुडघेच तेवढे दिसत होते.

"ह्यांनी नेहमी डबल शिफ्ट मारली," ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली. "दुप्पट केलं की लवकर सुटका. मला वाटलं, तसंच असंल."

साहेबराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी उजवा हात वर केला. त्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपत होती. घरातल्या सगळ्यांना ती इतकी सवयीची होती की कुणाला दिसत नसे.

"हे डबललाच गेलं होतं, कस्तुरा," ते म्हणाले.

डॉक्टर मग सांगायला लागली. इंजेक्शन सध्या बंद. रिपोर्ट सुधारले तर पुन्हा लहान डोसपासून, आणि देणारा माणूस एकच. साखरेची गोळी बदलेल. दुखण्याच्या गोळीला तर हातच लावायचा नाही.

"आणि गुडघे?" कस्तुराने विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं.

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसली. झिजलेलं काही भरून आलेलं नाही, ती म्हणाली. वजन उतरलं म्हणून भार कमी झाला, म्हणून दुखायचं कमी झालं. या औषधाने काही जणांच्या सांध्यांची सूजही उतरते असं दिसतंय, पण त्यावर अजून अभ्यास चालू आहेत, तेव्हा ती शब्द देणार नाही. मग तिने पांघरूण बाजूला करून कस्तुराची मांडी चिमटीत धरली. कातडी आली, तिच्याखाली फारसं काही आलं नाही.

"न खाता वजन उतरवलंत की नुसती चरबी उतरत नाही, आजी. हे पण उतरतं. गुडघ्याला धरून ठेवणारं हेच असतं. पाय आज थरथरत होते ना जिन्यात?"

कस्तुराने मान हलवली.

"गुडघे दुखत नव्हते म्हणून तुम्हाला वाटलं, पाय बरे झाले. आता अंडं खा, डाळ खा. बसल्या बसल्या पाय सरळ उचलायचा व्यायाम नर्स दाखवेल, तो रोज करा."

"दुखायचं परत येईल का?"

"येईल कदाचित थोडं. मला नक्की सांगता येणार नाही."

खोटा धीर न देणारा डॉक्टर कस्तुराला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता, आणि तिला वाटलं, देणारा भेटला असता तर बरं झालं असतं.

नेहा खाटेशी आली. ती इतका वेळ बोलली नव्हती, आणि आता जे बोलली ते ऐकून जयमालाने मान वळवली. नेहा म्हणाली की आईंनी नेहरूनगरलाच राहावं, तळमजला आहे, तिथेच बरं. बाळ तिच्या हातात द्यायचं नाही, हे कस्तुराला कळलं. कस्तुराला वाईट वाटलं, पण तिने नेहाचा हात धरला आणि म्हणाली की बाळंतपणाला ती येणार आहे, कुणी बोलावलं नाही तरी. जिना चढता आला तर चढून, नाही तर लिफ्टसाठी बिल्डरच्या दारात जाऊन बसून.

नेहाने हात सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर पहिल्या रात्री कस्तुराला झोप लागली. दुसऱ्या दिवसाचा उजेड खिडकीच्या गजांवर आला तेव्हा ती जागी होती आणि हलत नव्हती. अंगातून औषध किती गेलं, किती उरलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. पायांकडे तिचं लक्ष होतं, जसं परक्या गावात रात्री उतरल्यावर अंधारात कुत्रं आहे की नाही याकडे असतं. डावा गप्प होता. उजवा गप्प होता. पण पडून असताना तर दुखण्याच्या दिवसांतही ते गप्प असायचे.

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती थांबली. न्हाणीतलं पाणी थांबलं. साहेबराव पेपर वाचत होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता. सगळं घर तिच्याकडे न बघण्याच्या कामाला लागलं होतं.

तिने पांघरूण काढलं. नर्सने दाखवलं होतं तसा एक पाय सरळ उचलला, धरला, खाली ठेवला, मग दुसरा. मांडी थरथरली. मग ती कुशीवर वळली आणि दोन्ही पावलं फरशीला लावली. फरशी गार होती. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली काहीतरी हललं. ते दुखणं होतं की नुसती जाग, हे तिला कळेना.

"आई," स्वयंपाकघरातून जयमालाचा आवाज आला, सांभाळून ठेवलेला. "दुखतंय का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हणणंही सोपं होतं. कस्तुराने दोन्ही तळहात खाटेच्या कडेवर टेकवले.

"थांब," ती म्हणाली. "उभी राहून सांगते."